पिशवीला हात न लावता

सोमवार, ता. १४, दुपार

चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. पत्र तुझ्या शिवणकारखान्याच्या पत्त्यावर टाकतेय. तू अजून नवऱ्याकडेच आहेस असं कळलं, आणि घरचं टपाल आधी कोण फोडतं ते मला ठाऊक आहे. वाचून झालं की फाडून टाक.

मी आता एका आधारघरात स्वयंपाक करते. नवऱ्याचा मार खाऊन निघालेल्या बाया इथे राहतात. चौदा बाया, सहा पोरं. दिवसभर नुसता कलकलाट. जेवायच्या वेळी मात्र मी एकटी, ओट्यापाशी उभ्यानं जेवते. त्यांच्यात बसवत नाही. का ते पुढे लिहिते, हिंमत झाली तर.

घर सरकारी अनुदानावर चालतं. यंदा ते बंद व्हायची पाळी आली होती. गेल्या महिन्यात साहेब तपासायला आले. गाद्या दाबल्या, संडास पाहिले, मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मावशी, यातल्या कितीतरी परत नवऱ्याकडेच जातात. मग सरकारनं खर्च कशाला करायचा?"

माझं तोंड तुला माहीत आहे. म्हटलं, "साहेब, गेलेलीला पुन्हा यायला दार नको का?"

"पण जातात कशाला?"

"जात नाहीत. धाडतात त्यांना."

"कोण?"

चिमे, गॅसवरची भाजी करपायला लागली. हे घर चालवणाऱ्या मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. शेवटी म्हटलं, "मी धाडली. माझ्या धाकट्या बहिणीला."

साहेबांनी गॅस बंद केला.

इथे एक नियम आहे. आलेल्या बाईची पिशवी तिच्या हातातून घ्यायची नाही. पहिल्या दिवशी मी चिडले, म्हटलं ही कसली माणुसकी! मोठ्या बाई म्हणाल्या, "पिशवी ज्याच्या हातात, तो ठरवतो कुठे जायचं."

त्या दिवशी तू माझ्या दारात उभी होतीस, ओठ फुटलेला. मी विचारलं, "तू काय बोललीस त्याला?" चहा दिला. तुझी पिशवी मीच उचलली आणि परतीच्या बसमध्ये नेऊन ठेवली. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. बस सुटली तेव्हा तू खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरं केलंस.

सात वर्षं झाली. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

अनुदान मिळालं, तीन वर्षांचं. काल जिन्याजवळच्या खोलीला आतून कडी बसवली. खोली रिकामी आहे. ये असं सांगणार नाही. तुझ्या वतीनं एकदा ठरवून बसलेय, तेवढं पुरे. कागदाच्या मागच्या बाजूला इथला फोन लिहिलाय, फाडण्याआधी पाठ कर. आलीस तर दार मी उघडेन. पिशवीला हात लावणार नाही.

तुझ्यासोबत बसून जेवायला थांबलेली,
तुझी ताई, अजून म्हणत असशील तर