काचेला घोंगडीची पट्टी

आण्णा, परवा सून माझ्या गाडीत शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, ही खिडकी केवढी खडखडते! डोकं उठलं माझं." मी म्हणाले, हो ग, बघते. मेकॅनिकला दाखवली तर त्यानं दार न उघडताच निकाल दिला, आख्खा सेट बदलावा लागेल. शहाणाच आहे. तुमच्यासमोर बसून असं एक दार खोलताना बघितलेली बाई आहे मी, हे त्याला काय माहीत. काल दुपारी गाडी अंगणात घेतली, दाराचं आतलं पॅड उतरवलं, आणि हातात पाना आला तसे तुम्हीच समोर येऊन बसलात. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. म्हटलं, बसलाच आहात तर लिहावं.

वाटूरला तुम्ही डॉक्टरांची पांढरी अँबॅसिडर चालवायचात. त्यांच्या बोळात ती मावायची नाही, म्हणून मुक्कामाला आपल्या अंगणात, लिंबाखाली. आपल्या वस्तीतले पहिले लायसनवाले तुम्ही. त्याआधी दहा वर्षं जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात इंजिनापाशी उभे राहिलात. तिथून सुटून स्टिअरिंगला हात लागला तेव्हा माय म्हणे वस्तीभर साखर वाटत फिरली होती. ते लायसन बंडीच्या आतल्या खिशात असायचं आणि आंघोळीला जाताना मायच्या हातात द्यायचात, बाजेवर ठेवायचा नाहीत. तुमचं हसू यायचं मला तेव्हा. आता येत नाही.

मी मॅट्रिक होऊन डी.एड.च्या यादीची वाट बघत घरात बसले होते. एका संध्याकाळी डॉक्टर आपल्या दारातच उतरले आणि म्हणाले, "अहो, ही पुढची खिडकी महिन्यापासून वाजून राह्यली. कान गहाण ठेवले का?" आणि हसले. तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघितलंत, मग तुम्हीही हसलात. "उद्या करतो साहेब. उद्या गाडी बाहेर न्हाई जायची." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. साहेबांपुढं सगळेच जरा उशिरा हसायचे.

दुसऱ्या दिवशी अंगणात गोणपाट अंथरून तुम्ही दारापुढं बसलात. हँडलमागची वाटी दाबून बारीकशी खीळ ठोकून काढलीत, हँडल माझ्या हातात दिलंत, पॅड उतरवलंत आणि दाराच्या पोटात हात घातलात. काच ज्या खाचेतून वर-खाली होते तिच्यातलं मऊ अस्तर झिजून गेलं होतं, काच आपली बोळक्या तोंडातल्या सुपारीसारखी इकडून तिकडं. आधी सायकलची ट्यूब कापून घातलीत. तिनं काच अशी धरली की वर जाईना, खाली येईना. मी हसले, तर म्हणालात, "हस, हस. मास्तरीण होणार ना तू? पोरं बी तुला अशीच हसतील." मग घोंगडी आणलीत. माय चुलीपुढून ओरडली, "मोटारीला थंडी वाजून राह्यली का? माझी घोंगडी कापून राह्यले, बघ ग!" माय तेव्हा ओरडूनच बोलायची. गल्लीत तिला कजाग म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटायचं. बोटभर रुंद पट्ट्या कापल्यात, त्यांना मेणबत्ती घासलीत, खाचेत ठासल्यात. काच बिनबोभाट वर आली.

"चल बस, बघू जरा." आपण परतूरच्या रस्त्याला लागतो. रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडलेलं थोडं डांबर. मी पुढं, त्याच खिडकीशी, आणि खिडकी कडकड वाजतेय. तुम्ही खुशीत मान हलवता आणि म्हणता, "बघ! बिलकुल गप झाली का न्हाई?" मला वाटतं, चेष्टा करताय. मी म्हणते, "आण्णा, वाजतीय की." तुम्ही रस्ता सोडून माझ्या ओठांकडं बघता. "काय?" मागून एक ट्रक हॉर्न देतोय, देतोच आहे, आणि आपली गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध. मी "आण्णा, मागं!" म्हणून किंचाळते. ट्रक मुरमावर उतरून धुरळा उडवत आपल्याला खेटून पुढं जातो, त्याचा ड्रायव्हर तुमच्या आईचा उद्धार करतो. तुम्हाला ट्रक कळतो तो बॉनेटवर सावली पडल्यावर. गाडी कडेला घेतलीत तुम्ही, इंजिन बंद केलंत. मग म्हणालात, "जिनिंगातच गेल्ते कान. हळूहळू. तुझ्या मायला ठाव हाये. तू कुठं बोलू नको. गाडी गेली तर मी काय करू, मंग पुन्हा इंजिनापाशी जाऊन उभा राहू?"

घरी येऊन काचेच्या बुडाचे दोन बोल्ट आवळलेत. ते राहून गेले होते. मग एका हातानं दारावर थाप मारलीत आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर ठेवलंत. "आता थांबली," म्हणालात. "बोटाला कळतं." मी मान हलवली. माय का ओरडायची ते मला त्या दिवशी कळलं, आणि तिच्याबद्दल जे मनात धरलं होतं त्याची फार शरम वाटली.

पुढं दोन महिने मी तुमचा कान झाले. साहेबांची बॅग धरायला पोरगी येते, असं त्यांना सांगितलंत. साहेब मागं बसून झोपायचे. मागून हॉर्न आला की मी तुमच्या गुडघ्यावर चापटी मारायची. कुणाला काही कळलं नाही. आपल्याला तर त्याची मजाही वाटायला लागली होती, परतताना एकदा तुम्ही म्हणालात, "दोघांत मिळून एक ड्रायव्हर, पगार मातर एकाचाच." मग यादी लागली. माझं नाव होतं. जालन्याला राहायला जायचं होतं.

पेढे द्यायला तुम्हीच मला दवाखान्यात पाठवलंत. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, आणि मी सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "कधीपासून?" पंधरा दिवसांत नवा ड्रायव्हर आला. तुम्हाला दवाखान्याच्या दारात नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला बसवलं, पगार कमी केला नाही. कोण बोललं ते साहेबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण दवाखान्यातले कंपाउंडरकाका एकदा हॉटेलात तुमच्याबद्दल म्हणाले होते, "यांना हाक मारता मारता घसा बसतो बाबा," आणि ते तुमच्यापर्यंत आलं होतं. तुम्ही त्यांच्यावरच संशय धरलात. एकाच दारात बसून अकरा वर्षं त्यांच्या हातचा चहा घेतला नाहीत, त्यांच्या पोरीच्या लग्नाचे लाडू परत पाठवलेत. तुम्ही गेलात तेव्हा तिरडीला पुढचा खांदा त्यांनीच दिला. मोठ्यानं रडत होते. माय माझ्या कानाशी म्हणाली, "बघ कसा रडून राह्यला. घास काढला तेव्हा न्हाई आलं रडू." मी पदर तोंडात धरून उभी राहिले. तेव्हाही बोलले नाही. आता माय नाही, काकाही नाहीत.

मीच सांगितलं होतं, आण्णा. साहेबांच्या जिवासाठी, तुमच्या जिवासाठी, असं मी स्वतःला सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण मला डी.एड.ला जायचं होतं आणि जाताना मागं घोर नको होता, हेही तितकंच खरं. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्या तोंडाकडं बघून ते जमलं नसतं.

घरात आता घोंगडी कुठली. शाळेनं निरोपाला दिलेली शाल होती, तिची पट्टी कापली. मेणबत्ती घासली, खाचेत ठासली, बुडाचे बोल्ट आठवणीनं आवळले. सून ओट्याशीच होती. वाजतंय का बघ ग, असं तिला विचारता आलं असतं. मी एका हातानं दारावर थाप मारली आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. थांबली होती. परवा सून म्हणाली तेव्हाही ती खडखड मला ऐकू आली नव्हती, मी नुसतं हो ग म्हणाले. हे घरात अजून कुणाला माहीत नाही. हा कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात, माझ्या लायसनखाली ठेवते आहे. उद्या सकाळी नातीला शाळेत सोडायला मीच जाणार आहे.