रस्त्याशी बोलणारी गाडी

हडपसर, पुणे
दि. १२ नोव्हेंबर २००८

प्रिय मित्र रावसाहेब यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र परवा मिळाले. अक्षर पूर्वीइतकेच टपोरे आहे. म्हणजे हाताचा कंप गेला, असे मी धरून चालतो. गुडघे काय म्हणतात? मुक्ताई वहिनींचा रक्तदाब आटोक्यात आहे, असे तुम्ही लिहिता; आणि त्या लोणचे सोडायला तयार नाहीत, असेही त्याच वाक्यात लिहिता. ही दोन विधाने एका वाक्यात सुखाने नांदू शकत नाहीत. (वाक्यरचना निर्दोष आहे. माझी हरकत वैद्यकीय आहे.) आम्ही दोघे ठीक आहोत. प्रेमलाचे सांधे थंडीत धरतात, माझे बारा महिने धरतात, आणि त्याचे कारण हाच आजच्या पत्राचा विषय आहे.

तुमच्या योगेशने आमच्या तेजसची गाडी विकत घ्यायची, हे त्या दोघांनी संगणकावर परस्पर ठरवले आणि दोन्ही बापांना नंतर कळवले. येत्या रविवारी योगेश ती न्यायला येणार आहे. तुम्ही मात्र जुन्या वळणाचे असल्यामुळे 'गाडी कशी आहे ते प्रांजळपणे कळवा' असे मला विचारले आहे. 'प्रांजळपणे' हे क्रियाविशेषण तुम्ही वापरले नसते, तर मी 'गाडी उत्तम आहे' एवढे लिहून मोकळा झालो असतो. आता सर्व काही लिहिणे भाग आहे.

ही गाडी बाहेरून चार दरवाजांची, मागे सामानाची पेटी असलेली, एखाद्या बँक व्यवस्थापकाला शोभेल अशी दिसते. हा तिचा पहिला खोटेपणा. आत शर्यतीच्या गाडीचे इंजिन आहे, आणि खाली ज्यांना स्प्रिंगा म्हणतात त्या वस्तू केवळ नावाच्या आहेत. तेजसने ती घरी आणली त्या दिवशी मी पुढच्या आसनावर बसलो आणि सोसायटीच्या फाटकातील पन्हळीवरून गाडी गेली, तेव्हा माझी कवळी वरच्यावर वाजली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "बाबा, सस्पेन्शन स्टिफ आहे, त्यामुळे रोड फील मस्त मिळतो." (या वाक्यातील मराठी शब्द मोजायला एका हाताची बोटे पुरतात.) मी मराठीत सांग म्हटल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ही गाडी रस्त्याशी बोलते." मी सारे आयुष्य सरकारी भाषांतर विभागात काढले आहे. भाषांतर इतके चांगले होते की मी त्यात एकही दुरुस्ती सुचवली नाही. पण रावसाहेब, रस्त्याशी बोलणारी गाडी पुण्यात घेऊ नये. येथला रस्ता काय उत्तर देईल याचा नेम नसतो, आणि देतो ते तिरकसच देतो. रस्त्यावर नाणे पडले असेल तर ते छापा आहे की काटा, हे या गाडीत बसल्या जागी कळते. औरंगाबादच्या वसतिगृहात असताना तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी परीक्षेला जात असे, ते तुम्हांला स्मरत असेल. त्या कॅरिअरविषयी मी तेव्हा जे जे बोललो, ते सर्व आज बिनशर्त मागे घेतो.

बुद्धपौर्णिमेचा प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. विहारात खीरदानाची पाळी आमच्या घराची होती. प्रेमलाने पहाटे उठून मोठा डबाभर खीर केली, वेलदोडा घातला, आणि डबा माझ्या मांडीवर दिला. कारण मागच्या आसनावर काही ठेवले तर ते तेथेच राहील, याची या गाडीत शाश्वती नाही. मी नुकताच इस्त्री केलेला पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घातला होता. तेजस अगदी सावकाश चालवत होता, हे मान्य केले पाहिजे. पण विहाराच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. (त्याला सर्व जण 'ब्रेकर' म्हणतात. तो गतीखेरीज सर्व काही मोडतो, हे खरे. तरी शब्द गतिरोधक असाच आहे.) गाडी त्यावर चढली आणि उतरली. खीर चढली, पण डब्यात उतरली नाही. मी विहारात पाऊल टाकले तेव्हा माझ्या छातीवरून शेवया लोंबत होत्या. वंदना चालू होती म्हणून कोणी हसले नाही; पण पंचशील घेताना पुढच्या रांगेतील मुलींचे खांदे ज्या रीतीने हलत होते, त्यावरून त्यांचे चित्त एकाग्र नव्हते, हे निश्चित. त्या वर्षापासून आमच्या घरची खीर घट्ट होऊ लागली. पुढच्या वर्षी ती वाढण्याऐवजी कापावी लागली. विहारातील मंडळी तिला 'प्रेमलाताईंची बर्फी' म्हणतात, आणि त्यामागे गाडी आहे हे कोणाला ठाऊक नाही.

तेजस हसून हसून बेजार झाला होता. घरी आल्यावर माझा सदरा त्याने स्वतः धुतला. "गाडीत दोष नाही, बाबा, दोष रस्त्यात आहे," असे तो नळाखाली सदरा धरून म्हणाला. हे वाक्य त्याचे आवडते होते. कचेरीतून उशिरा आला, वीज गेली, पाणी आले नाही, अर्ज परत आला, की कोणत्याही प्रसंगी तो ते थोडे फिरवून वापरीत असे.

प्रांजळपणाला बाध येऊ नये म्हणून गाडीचा एक गुणही नमूद करतो. तेजस परदेशी निघाला तेव्हा त्यानेच ती मुंबईच्या विमानतळापर्यंत चालवली. द्रुतगती मार्गाला लागताच गाडी एकाएकी गप्प झाली. कवळी गप्प, कंबर गप्प. प्रेमलाने थर्मासमधून चहा ओतला आणि काठोकाठ भरलेल्या पेल्यातून एक थेंब सांडला नाही. तेजस आरशातून आमच्याकडे पाहून म्हणाला, "बघा, चांगला रस्ता मिळाला की कशी चालते!" मी 'हो' म्हणालो. ते खरेच होते. घाट कधी उतरला ते समजले नाही. फार लवकर पोचलो. त्या दिवशी, आयुष्यात प्रथमच, मला रस्त्यात खड्डे असावेत असे वाटले.

दीड वर्षासाठी म्हणून तो गेला, त्याला आता चौथे वर्ष लागले आहे. (मी 'दीड वर्ष' या शब्दप्रयोगाला हरकत घेत नाही.) जाताना सांगून गेला, "गाडी उभी राहिली की बिघडते. दर रविवारी जरा फिरवत जा." मला गाडी चालवता येत नाही. म्हणून शेजारचे धोंडिबा, महापालिकेच्या बसवरून निवृत्त झालेले चालक, यांना विनंती केली. विमानतळावरही तेच बरोबर होते आणि परतीला त्यांनीच गाडी आणली. माणूस अत्यंत भला, परंतु उंचीने बेताचा. आमचा तेजस तर तुम्ही पाहिलाच आहे, दारात शिरताना मान लववतो. येथे गाडीचा दुसरा मोठा दोष येतो, तो योगेशला अवश्य कळवा. चालकाचे आसन पुढे सरकत नाही. कळ अडकली आहे. धोंडिबा पाठीमागे दोन लोड आणि प्रेमलाची घडी घातलेली शाल घेऊन बसतात, तरी क्लच त्यांना पायाच्या अंगठ्यानेच दाबावा लागतो. दर रविवारी ते विचारतात, "सायेब, ही सीट एकदा म्येस्त्रीला दावू का?" आणि मी दर रविवारी सांगतो की, या गाडीचा कारागीर पुण्यात नाही. "मग जाऊ द्या," असे म्हणून ते नाकासमोर सुकाणू धरतात आणि निघतात. सोसायटीचे फाटक ओलांडताना, "गाडी न्हाई सायेब, ह्ये घोडं हाय," हे ठरलेले वाक्य येते. मी एरवी अशा रूपांची दुरुस्ती सुचवतो. पण ज्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत कसाबसा पोचतो, त्याचे व्याकरण चालत्या गाडीत सुधारू नये, एवढे मला कळते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघे असेच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. सीताफळे स्वस्त झाली होती. प्रेमलाने एक-एक डोळा दाबून पाहत टोपलीभर पारखून घेतली आणि ती मागच्या पेटीत गवताच्या गादीवर मांडली. गुलटेकडीहून हडपसरला येईतो त्या टोपलीचे असे काही झाले की, घरी पेटी उघडल्यावर प्रेमला टोपली न उचलता सरळ पातेले आणायला गेली. आम्ही रात्रीपर्यंत बिया काढत होतो. तेजसला रबडी आवडते. तीच केली, आणि ती दोघांना संपेना.

माझ्या कमरेविषयी डॉक्टरांचे मत असे की, या वयात माणसाने इतके हलू नये. त्यांनी कमरेला पट्टा आणि मानेला गळपट्टी दिली. दोन्ही बांधून रविवारी जिना उतरताना सुशीलाबाई भेटल्या. (या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि प्रश्न विचारतात.) "अगबाई, बाबुराव! अपघात कुठे झाला?" मी म्हणालो, "अद्याप झालेला नाही. गाडीत बसायलाच निघालो आहे." त्यांनी ते सर्व सोसायटीत सांगितले. तेव्हापासून आम्ही निघालो की, गच्च्यांत माणसे उभी राहतात.

तेजसला ही सर्व हकिगत मी दर आठवड्याला फोनवर तपशीलवार ऐकवतो. तो कंटाळत नाही. परदेशातील रस्ते फार गुळगुळीत आहेत, असे तो सांगतो. तेथे त्याने साधीच गाडी घेतली आहे. बोलत नाही म्हणे.

तर रावसाहेब, ही अशी गाडी आहे. योगेशची कंबर तरुण आहे हे खरे; पण त्याचे लग्न ठरायचे आहे, आणि कोणतीही मुलगी या गाडीत दुसऱ्यांदा बसणार नाही, याची मी लेखी हमी देतो. पुढचा निर्णय त्याने आणि तुम्ही घ्यावा. वहिनींना सांगा, लोणचे निदान रात्री तरी बंद ठेवा. तुमचे उत्तर रविवारपूर्वी मिळावे, अशी अपेक्षा आहे. म्हणून हे पत्र शीघ्र डाकेने पाठवतो.

तुमचा
बाबुराव

ता. क. : वरील पत्र पुन्हा वाचले. व्याकरणदृष्ट्या त्यात बदल करावा असे काही नाही. पण प्रांजळपणा अपुरा वाटला. मी गाडीची तक्रार केली की तेजस दर वेळी म्हणे, "राहू द्या बाबा, मी आलो की लागेल." त्या एका वाक्यासाठी मी तक्रार करीत असे. कंबर दुखत नसेल त्या आठवड्यातही करीत असे. मागच्या महिन्यात सीताफळांचे सांगितले, गळपट्टीचे सांगितले, आणि वाक्याची वाट पाहत थांबलो. तो म्हणाला, "तुम्हांला फारच त्रास होतोय. काढूनच टाकू या." म्हणजे हे माझेच कर्तृत्व आहे. प्रेमलाशी तो त्यानंतर बोलला. ती फक्त "बरं" म्हणाली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. तेव्हा माझी विनंती अशी की, योगेशला काहीही कारण काढून नकार द्यायला सांगा. रंग आवडला नाही, म्हणावे. गाडी विकली गेली नाही, तर ती कोणाला तरी लागणार आहे, असे निदान म्हणता तरी येईल. मी हे लिहिले, ते तेजसला कळू नये.

दुसरा ता. क. : आसनाची कळ अडकलेली नाही. ती तेलपाणी केल्यासारखी चालते, असे मला वाटते. मी हात लावलेला नाही. विमानतळावर तेजस उतरला तेव्हा आसन त्याने बसण्यासाठी जेवढे मागे घेतले होते तेवढेच आहे. धोंडिबांना हे कधीच समजले असावे. परवा लोड जुने झाले म्हणून त्यांनी घरून स्वतःचा नवा आणला, आणि कळीकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवण्यापूर्वी प्रेमलाने पत्र वाचायला घेतले. तिचे म्हणणे, खीर सांडली ती गाडीमुळे नव्हे. डब्याचे झाकण मी नीट लावले नव्हते. हा मुद्दा मला मान्य नाही, पण नोंदवतो. तिचे दुसरे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या मुलाला खोटे बोलायला लावू नये. योगेशला रविवारी जेवायलाच येऊ द्या, रबडी पुन्हा करते. आणि योगेशची उंची साधारण किती, हे तेवढे कळवा, असे ती म्हणते. मी म्हणालो, गाडीच्या व्यवहारात उंचीचा काय संबंध? ती म्हणाली, "तुम्ही लिहा." म्हणून लिहिले आहे.