गुडघ्याचं स्टूल आणि तुझी ती खुर्ची

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गेले कित्येक दिवस मी वर्कशॉपच्या फरशीवर आडवी पडून एका खुर्चीच्या पोटाखाली स्क्रू पिळते आहे, तेव्हा सध्या जमिनीचं तोंड बघायची इच्छा नाही. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे बाबांचा गुडघा सुजलाय, ह्यांची कंबर धरलीय आणि माझं डोकं फिरलंय. तुझी तब्येत कशी आहे? वहिनींची पाठ? मुलांचे दात? (उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. विचारणं माझं कर्तव्य होतं, ते झालं.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवून देतोस. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून राहतं आणि वहिनी वाचतात.

तर, तुझ्या खुर्च्यांबद्दल. हो, तुझ्याच. मी तिथे फक्त नोकरी करतो, खुर्च्या काही मी पाठवल्या नाहीत, असं तू मनात म्हणायला घेतलं असशील, ते तिथेच थांबव. आपल्या प्रार्थनेच्या हॉलमधली बाकं तुला आठवत असतील. बाबांनी स्वतः रंधा मारून केलेली, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीला मागच्या माणसाने गुडघे टेकायची फळी. ती सगळी बाकं हॉलच्या सेक्रेटरींनी उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकली, कारण हॉल आता बाकीच्या दिवशी व्यायामाच्या वर्गाला आणि टेबल टेनिसला द्यायचा आहे. त्या जागी घडीच्या खुर्च्या आल्या. बाबांनी त्यातली एक उलटी केली, तर बुडाखाली तुझ्या कारखान्याचं लेबल. दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं असतं तर ते नुसते चिडले असते. तुझ्या कारखान्याचं निघाल्यावर ते गप्प झाले, तू वर्कशॉप सोडून तिकडे गेलास त्या दिवशी झाले होते तसेच. खुर्ची नीट मिटली, भिंतीला टेकवली, काठी घेऊन घरी आले आणि म्हणाले की आता मी तिकडे जाणार नाही.

आता तू म्हणशील, नाही गेले तर नाही गेले. तुला म्हणायला काय जातंय? ते तुझ्या घरात बसलेले नाहीत. ते माझ्या मागे उभे असतात. मी वेल्डिंग करते आणि ते सुस्कारे टाकतात. मी करवत धरते आणि ते डोळे मिटतात. ते सगळं मी सहन करीन, पण प्रार्थनेच्या दिवशी सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खिडकीशी जाऊन बसतात. लोक रस्त्याने हॉलकडे जाताना दिसतात, ते बघत बसतात. मला ते बघवत नाही, बघवत नाही म्हणून राग येतो, आणि राग काढायला घरात ह्यांच्याशिवाय कोणी नाही. एक माणूस किती पुरणार?

मी म्हटलं, बाबा, खुर्चीत बसूनच करा की प्रार्थना, बाकीचे म्हातारे करतात. तर म्हणाले, देव काय टेबल करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आहे, त्याच्याशी खुर्चीत बसून बोलायला? बरं, जमिनीवर टेकावेत गुडघे, तर डॉक्टरांनी बजावलंय की खाली गेले तर वर येणं कठीण. सेक्रेटरींनी उशी सुचवली. (उशी! फरशी अशी गुळगुळीत की उशी एकीकडे जाईल आणि बाबा दुसरीकडे.) म्हणजे हवं होतं काय, तर वीतभर उंच, वरून मऊ, जागचं न हलणारं स्टूल, आणि उठताना धरायला समोर काहीतरी. समोर असते ती पुढच्या माणसाची खुर्ची. म्हणून मी ठरवलं की पुढच्या खुर्चीच्या मागच्या पायांना अडकवलेलं, खाली उघडणारं, नको तेव्हा मिटणारं असं स्टूल करायचं. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात सुख नाही.

त्यात सेक्रेटरी. नाकाने कांदे सोलणारा माणूस. खुर्ची मिटली की स्टूलही मिटलं पाहिजे. खुर्च्यांचा ढीग रचता आला पाहिजे. फरशीला ओरखडा नको, आवाज नको आणि मुख्य म्हणजे ते ठिगळ दिसता कामा नये. एवढी कलमं सांगताना त्यांना कोणी विचारलं नाही की धडधाकट बाकं शेडमध्ये टाकताना आवाज झाला होता का. मी विचारलं. त्यांना ते आवडलं नाही.

पहिलं स्टूल मी घरी करून बघितलं. बाबा त्यावर गुडघे टेकेनात, म्हणून मीच टेकले, आणि पुढच्या खुर्चीवर ह्यांना बसवलं. टेकले तोवर उत्तम. उठायला म्हणून खुर्चीची पाठ ओढली, आणि नेमके त्याच क्षणी आमचे हे चहा उतू जातोय म्हणून उठले. दादा, तुमची ती खुर्ची कोणी बसलं असेल तर मिटत नाही, पण रिकामी असताना पाठ ओढली की फाट्कन मिटते. ती मिटली, माझी बाही आत घेऊन मिटली, आणि मी खुर्चीसकट उताणी. हे चहाचं पातेलं हातात धरून दारात उभे राहिले आणि विचारतात, लागलं का. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी उताणी असल्यामुळे त्या दिवशी आडवी गेली.

मग सेक्रेटरी म्हणाले की हॉलमध्ये मांडण्याआधी हॉलशेजारच्या ऑफिसात मी स्वतः तपासणार. मी तोवर एक सुधारणा केली होती. आपोआप बंद होणाऱ्या दाराची एक जुनी स्प्रिंग काढून बिजागरीला लावली होती, म्हणजे माणूस उठला की स्टूल आपलं आपण मिटेल. सेक्रेटरींनी गुडघे टेकले, मान हलवली, ठीक आहे म्हणाले आणि उठले. स्टूल मिटलं, ते त्यांच्या पँटचा गुडघा आत धरून. स्प्रिंग दाराची, तिला माणूस आणि दार यातला फरक काय कळणार? मी कात्री आणते म्हटलं, तर पँट नवी. पँट काढा म्हटलं, तर बाहेर व्यायामाच्या वर्गाच्या बायका येऊन उभ्या. पक्कड होती वर्कशॉपमध्ये, शेवटी तिथवर चालतच जावं लागलं. पुढे सेक्रेटरी एक पाय घासत, मागे आमचे हे खुर्ची उचलून, आणि त्यांच्या मागे मी, लोकांना बाजूला व्हा सांगत. औषधाच्या दुकानदाराने काउंटर सोडून बाहेर येऊन चौकशी केली. (संध्याकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांना सांगितलं की प्रात्यक्षिक समाधानकारक झालं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना अर्धं माफ केलंय, उरलेलं अर्धं करणार नाही.) परवानगी मिळाली, पण एकाच खुर्चीची, आणि तीही शेवटच्या रांगेत, म्हणजे ठिगळ कोणाला दिसणार नाही.

स्प्रिंग काढून टाकली. बाबांसमोर स्टूल ठेवलं. त्यांनी वरून अंगठा फिरवला, कोपरा बोचतो म्हणाले आणि पॉलिश पेपर मागितला. तुला माहीत आहे, त्यांनी पॉलिश पेपर मागितला म्हणजे झालं. सगळी सकाळ घासत बसले. स्टूल माझं असलं तरी कोपरे त्यांचे आहेत, आणि खरं सांगते, कोपरे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

प्रार्थनेच्या दिवशी त्यांच्या पुढच्या खुर्चीवर बेकरीवाला होता. मुद्दाम बसवलं होतं मी त्याला. त्याच्याखाली खुर्ची मिटायची म्हणजे भूकंपच लागेल. बाबांनी गुडघे टेकले. मी मागे दाराशी उभी होते, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बरं वाटलं रे. इतकं बरं की त्या मिनिटाला मी तुला, तुझ्या कारखान्याला, सेक्रेटरींना, सगळ्यांना मनातून सोडून दिलं होतं. मग गाणं सुरू झालं. गाणं सुरू झालं की सगळे उठतात. म्हणजे बाबाही तेव्हाच उठणार आणि बेकरीवालाही तेव्हाच उठणार, ही गोष्ट इतके दिवस स्क्रू पिळताना माझ्या लक्षात आली नव्हती. बेकरीवाला उठला, बाबांनी पाठ ओढली, खुर्ची मिटली. बाबा फरशीवर बसले, मिटलेली खुर्ची मिठीत घेऊन. गाणारे गायचे थांबले. आणि त्या शांततेत बाबा नीट ऐकू जाईल असं म्हणाले, कारखान्याचा माल.

कोपर सोललं, बाकी काही नाही. पण तेव्हापासून पुन्हा खिडकी. बेकरीवाल्याला मी फैलावर घेतलं, की म्हातारा उठेपर्यंत दम धरायला तुला काय झालं होतं. तो म्हणाला, सगळे उभे असताना मी एकटा बसून राहिलो तर लोक काय म्हणतील? (तेव्हापासून रोज पाव पाठवतो, ओशाळून. पाव चांगला असतो, पण मुद्दा तो नाही.) मग मी पुढच्या खुर्चीवर वाळूचं पोतं ठेवून दाखवलं. पोतं उठत नाही, गात नाही, लोक काय म्हणतील याचं त्याला सोयरसुतक नाही. खुर्ची जागची हलली नाही. बाबा म्हणाले, मी पोत्यामागे गुडघे टेकणार नाही.

तर असा हा प्रकार आहे, आणि याच्या मुळाशी तुमची खुर्ची आहे. माणूस उठला की लगेच मिटून बसणारी. अशी वस्तू करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी एकदा तरी विचार करावा की मागे कोणी धरून उठत असेल. मी हात टेकले. तू तिकडे गादीच्या खुर्चीत बसतोस, तुला यातलं काय कळणार, आणि कळलं तरी तू काय करणार? तुझ्याकडून मला काही नको. फक्त कळावं म्हणून लिहिलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा आणि तुला काही नाही.

तुझी धाकटी,
जिने वर्कशॉप सोडलं नाही ती

ता. क. तुमच्या कारखान्यात खुर्ची उघडी धरून ठेवणारा एखादा खटका मिळत असेल तर पाठव. पाठवणार नाहीस, माहीत आहे.

ता. क. दुसरा. खटक्याचं राहू दे. वर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझ्यावर एवढं ओरडता आलं नसतं, पण खटका मीच केलाय. आता खुर्ची रिकामी असली तरी मिटत नाही. आमचे हे तिला लोंबकळून झाले. बाबांनी स्वतः ओढून, पिळून पाहिली आणि चांगलं झालंय म्हणाले. (मला. चांगलं. त्यांनी.) पण जायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, खटका तो खटका, पुढे माणूस हवा. कोणता माणूस, तर बेकरीवाला नको, तो उठतो. जावई नको, हलका आहे. मी बसते म्हटलं, तर तू सारखी वळून बघशील. मग खटका पुन्हा एकदा ओढून पाहिला आणि म्हणाले, तो बसायचा बरोबर. लहान होता तरी माझा गुडघा वाजल्याशिवाय उठायचा नाही. तो कोण, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा ये. काही बोलावं लागणार नाही. तुला त्यांचं तोंड दिसणार नाही, त्यांना तुझी पाठ दिसेल. सगळे उठले तरी तू उठू नकोस, आणि खुर्चीबद्दल चकार शब्द काढू नकोस.

ता. क. तिसरा, आणि हे उलट टपाली कळव. तुझं सध्याचं वजन किती? बाबांनी त्या सीटखाली आधाराला घालायला सागवानी पट्टी काढून ठेवलीय आणि तिची जाडी ठरवायला अडून बसलेत. काल मला विचारत होते, त्याचं वाढलं असेल ना गं आता. मी म्हटलं, विचारून सांगते. लाजून कमी सांगू नकोस.