चहा दिलाच कशाला

प्रिय वकीलबाई,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला ठाऊक नाही. तुमच्याकडे आमचे हे दर दोन दिवसांनी येतात ना, त्यांची मी बायको. कॉलेजात असताना ह्यांना तुमच्याशी लग्न करायचं होतं, हे सासूबाईंनी मी माप ओलांडून आत आल्यावर लगेचच सांगून टाकलं होतं. ह्यांच्या फ्रेमच्या दुकानासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले, वसुलीवाले घरी येऊ लागले आणि ह्यांना गावातले बाकी सगळे वकील सोडून तुम्हीच आठवलात. तुमच्या ऑफिसात यायला निघताना हे आरशासमोरून हलत नाहीत. अंगातल्या शर्टाला इस्त्री मी करते.

परत आले की ‘ती म्हणाली’ सुरू. ती म्हणाली, कर्ज घेतलंय तर फेडायचंच, पण म्हणून कुणी घरात बसून धमकावू शकत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना थकबाकी सांगत फिरू शकत नाही. ती म्हणाली, आधी कंपनीकडे लेखी तक्रार, धमकी दिली तर पोलीस, आणि तरी ऐकलं नाही तर कोर्टातून मनाई हुकूम. सगळं खरं असेल हो. पण मी वाढलेल्या ताटावर बसून दुसऱ्या बाईचं कौतुक चालतं, तेव्हा मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात जाते. तुम्ही कागद बघायला घरी आलात तेव्हा सासूबाईंनी कपाटातले सोनेरी काठाचे कप काढले. मी या घरात आल्यापासून ते कप नुसते पुसत आलेय.

त्यात माझ्या चहाने घोळ घातला. मी पुढच्या खोलीत कपडे शिवते. बायका मापं देतात, पडद्याआड कपडे घालून बघतात. तिथेच ते दोघे वसुलीवाले खुर्च्या अडवून वरच्या पट्टीत बोलायचे. मी दर वेळी चहा टाकायचे, कारण तोंड कपात असेतो शिवी बाहेर पडत नाही. तर तुमच्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं, की त्या घरी आमच्या माणसांचं पाहुण्यांसारखं स्वागत होतं, आणि सोबत माझ्या ट्रेचा फोटो. घरी येऊन ह्यांनी सांगितलं, ती म्हणाली, चहा दिलाच कशाला? तुम्ही दोघं मिळून माझ्यावर हसला असाल, असं मला वाटत राहिलं. अजूनही वाटतं.

काल हे तुमच्याकडे होते तेव्हा ते दोघे पुन्हा आले. पडद्याआड शाळेच्या मोठ्या बाई होत्या. त्यातला जाड्या ओरडला, की कापड परत घ्या, हे बुडव्यांचं घर आहे, आणि त्याने सरळ पडदा ओढला. बाईंनी हातातलं कापड घाईने अंगाशी धरलं. उद्या कोणती बाई माझ्याकडे मापं द्यायला येईल, सांगा. मी चहा टाकला नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो मशीनवर ठेवला आणि म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. त्या शहाण्याने धमकीसकट सगळं पुन्हा सांगितलं. मग मी आणि बाई तशाच पोलिसांत गेलो. बाई साक्ष द्यायला तयार आहेत.

आता पत्राचं कारण. पोलिसांतली तक्रार माझ्या नावावर आहे. खोली माझी, गिऱ्हाईक माझं, तेव्हा मनाई हुकुमाचा अर्जही माझ्याच नावाने करा. खरं सांगते, आज सकाळपासून दुसरा वकील शोधून पाहिला, पण ज्याला विचारावं तो तुमचंच नाव घेतो. वकीलपत्रावर सही करायला उद्या मी येतेय, फोन घेऊन. पुढच्या सगळ्या तारखांनाही मीच येईन, आणि जे सांगायचं ते तुम्ही मलाच सांगायचं. ह्यांनी यायची आता गरज नाही. हे त्यांना अजून ठाऊक नाही. उद्यासाठी त्यांनी निळा शर्ट काढून ठेवलाय. तो तसाच चुरगळलेला राहील.

तुमचीच,
नवी पक्षकार