मुन्नाच्या बदल्यात मी

३० जानेवारी, गुरुवार

अन् वरून संतोष म्हणते, तुले विचारलं होतं. कधी विचारलं बे? सोमवारी कागद घेऊन खोलीत आला. मी आंघोळ करून ओल्या अंगानं उभा. म्हणे, "मंग्या, जर्सीच्या मापाचा कागद आहे, सही मार." मारली. कागद गुजरातीत. सातवी नापासाले आपली मराठीच बोट ठेवून वाचा लागते, ती वरची रेघ नसलेली अक्षरं काय वाचू? अन् संतोषनं दिलेला कागद मी वाचून पाहूच काऊन? आतेभाऊ आहे माहा. त्यानंच मले सोनाळ्याहून अठी गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात आणलं. सही कुठं करायची ते बोटही त्यानंच ठेवून दाखवलं.

आज सकाळी गेटवर हजेरीबाबू म्हणते, "तेरा नाम लोडिंग में नहीं है, पॅकिंग में जा." मले वाटलं मजाक. मागं वळून पाहिलं तं संतोष ट्रकवर चढून पेट्या लावून राह्यला होता, पाठ माह्याकडे. रोज तो गेटवर माह्यासाठी थांबते. आज नाही थांबला. तेव्हाच समजलं.

३१ जानेवारी

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईन.

आठ ठेकेदार, आठ टीमा. रविवारी शेडमागच्या मैदानावर टेनिस बॉल, आठ-आठ ओव्हर. ज्या ठेकेदाराच्या हजेरीवर नाव, त्याच्याच टीमकडून खेळायचं. म्हणून खेळाडू बदलला की माणसाचं कामच बदलते. खोली बदलते. ताट बदलते. सात-सात मॅची, वरच्या चार टीमा पुढं. चौथ्या मॅचीनंतर आठ दिवस अदलाबदल खुली. हे मले माहीत होतं. पण ते दुसऱ्या टीमायचं काम, आपल्यात कोण कोणाले देते, असं वाटायचं.

लोडिंग, म्हणजे आपली, कॅप्टन संतोष. म्हणजे होती. चार मॅचीत दोन जिंकलो, नंबर पाचवा. पॅकिंग चारही हरलेली, त्यायचं यंदाचं संपलं. पण त्यायच्याकडे मुन्ना. यूपीतल्या बलियाचा पोट्टा, बॉल दिसला की भिंतीपार. मुन्ना होळीले गावी जाणार, लग्न करणार, वापस येणार नाही. मंग पॅकिंगच्या शेठले त्याले धरून ठेवून काय फायदा? त्याले पुढच्या सालचा माणूस पाहिजे. डावखुरा बॉलर, बावीस वर्षाचा, घरी जायचं नाव न काढणारा. म्हणजे मी. अन् संतोषले पुढचं साल नको, त्याले हे तीन रविवार पाहिजेत.

बरोबर केलं त्यानं. तेच तं खुपते. दुसऱ्या कोणाले दिलं असतं तं मीही म्हटलं असतं, वा भाऊ, काय डोकं आहे.

संध्याकाळी सामान हलवलं. पिशवी, चादर, बूट. बकेट विसरली म्हणून पुन्हा गेलो. मुन्ना माह्या जागेवर बसून मोबाइल चार्ज करून राह्यला होता. मले पाहून उभाच राह्यला बिचारा. "भाई, मेरे को भी कल ही पता चला." त्याच्याशी माहं काय वैर.

संतोष खोलीत नव्हता. चप्पल होती.

२ फेब्रुवारी, रविवार

जर्सी खरंच आली. पॅकिंगची. गुलाबी. त्यात दोन मंग्ये मावतील. बिरजू, पॅकिंगचा कॅप्टन, झारखंडचा. म्हणे, "पहन ले, हवा लगेगी." सगळे हसले. मीही हसलो, मंग राग आला काऊन हसलो म्हणून.

नऊ रनानं हरलो. दोन विकेट मले. पॅकिंगच्या पोट्ट्यायले हरायची सवय झाली आहे. हरून मस्त चहा पेतात.

आपल्यानंतर लोडिंगची मॅच. मुन्नानं ४४ मारले, लोडिंग जिंकली. शेवटच्या सिक्सले माहे हात वर उचलले गेले होते टाळी वाजवायले. सवय. खिशात घातले.

५ फेब्रुवारी

पाण्याच्या टाकीवर मुन्ना भेटला. त्याच्या पोटात काही राहत नाही. लोडिंगच्या ठेकेदारानं संतोषले म्हटलं आहे, टीम वरच्या चारात आण, तुले मुकादम करतो. मुकादम म्हणजे पेटी उचलायची नाही, नुसती मोजून घ्यायची.

तं हे होतं.

सं.ची कंबर गेली आहे, हे माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? दोन वर्षं मीच तेल लावून देतो. तोंडानं सांगितलं असतं की मंग्या असं असं आहे, तं मी आपणहून गेलो असतो पॅकिंगमध्ये.

हे खोटं लिहिलं. आपणहून नसतो गेलो. भांडलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, एक दिवस जेवलो नसतो. मंग गेलो असतो. पण मले भांडू तं द्यायचं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पॅकिंगची पहिली जीत. चार विकेट माह्या. बिरजूनं खांद्यावर घेतलं, त्याचा खांदा म्हणजे नुसतं हाड, जांघेत टोचलं. म्हणे, "अब तू अपना है." त्यायच्या खोलीत रोज भात. आज बिरजूनं माह्यासाठी चार पोळ्या लाटल्या. नकाशे होते, पोळ्या नव्हत्या. पोटभर खाल्लं.

एवढ्या दिवसानं बरं वाटलं.

लोडिंग हरली. म्हणजे सहात तीन. आता शेवटची जिंकली तरच चौथा नंबर. शेवटची कोणाशी? पॅकिंगशी.

१३ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत सं. आला. पंधरा दिवसात पहिल्यांदा.

"जेवला काय?"
"हाव."
"मामीचा फोन?" म्हणजे माह्या मायचा.
"येते."
"काय टाकून राह्यला बे तू! चार विकेट!"
त्यानं एक पेटी ओढून त्यावर बुड टेकलं, कमरेवर हात ठेवून, हळूच.
"रविवारी शेवटची ओव्हर तुलेच देईन ना तो बिरजू?"
"देईन."
"मंग पाहजो थोडं."
"काय पाहू?"
"आता फोड करून सांगू काय? भावासारखं पाह्य."
"भाऊ होतो तं अशी सही घेतली काऊन?"
"अबे त्या कागदाचं सोड ना आता. मुकादम झालो की पहिले तुले वापस घेतो. पॅकिंगचं काय जाते? तुम्ही तं मेलेलेच आहे यंदा."

मी म्हटलं, "मी नाही मेलो." म्हटलं की नुसतं मनात आलं, आता सांगता येत नाही. तो उठून गेला. हो म्हटलं नाही मी. हे मात्र पक्कं. हो म्हटलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लोडिंगशी शेवटची मॅच.

आम्ही ७१ केले. दुसरी ओव्हर माही. मुन्नाचा मधला दांडा उडवला, तीन रनावर. एवढा गरगरत गेला दांडा की मुन्ना स्वतःच पाहत राह्यला. शेवटच्या ओव्हरले लोडिंगले ११ पाहिजे. बॉल माह्या हातात. पाच बॉलात सहाच दिले. शेवटचा बॉल, पाच पाहिजे, समोर संतोष.

बिरजू जवळ आला. "यॉर्कर."
मले तेच टाकायचं होतं. जिंदगीत एवढ्या मनानं बॉल टाकला नाही. संत्र्याच्या बागेत वांदरायले गोटे मारायचो तेव्हापासूनचा हा हात, तो मले दगा देईन असं वाटलं नव्हतं. पाचवा बॉल नाल्यात गेला होता, ओला होता, हे लिहिलं तं बहाणा वाटते. पण होता ओला. निसटला. कमरेएवढा फुलटॉस. सं.नं डोळे मिटून फिरवला असेन. बॉल भिंतीपार, तुटक्या टाइल्सच्या ढिगावर. आवाज आला.

तरी हे चाललं असतं. हरलो असतो, झोपलो असतो.

संतोष बॅट टाकून पळत आला. त्याचे पोट्टे त्याच्याकडे धावून राह्यले होते, त्यायले सोडून सरळ माह्याकडे. उचलला मले, तशा कमरेनं. "आपलाच पोरगा आहे बे हा! आपलाच!" सगळ्या शेडमधले लोक पाहून राह्यले. मी त्याच्या कानात म्हटलं, "सोड. निसटला तो."
त्यानं माह्या कानात म्हटलं, "मले नको सांगू." अन् हसला.

बिरजूनं आमच्याकडे पाहिलं. दांडे उपटायले लागला.

१७ फेब्रुवारी

कोणी काही म्हणत नाही. मी आलो की बोलणं थांबते. बिरजू एकटाच बोलला, तेही भाजी ढवळत.
"कितना मिला?"
मायची शपथ घेतली. म्हटलं, "तुह्यासमोर मुन्नाचा दांडा उडवला ना मी?"
"वो तो दिखाने के लिए."
उलट पाच बॉल चांगले टाकले हाच गुन्हा होऊन राह्यला.
पोळ्या नाही. भात होता. दिला मात्र.

१९ फेब्रुवारी

सं. मुकादम झाला. गळ्यात शिट्टी, कानाले पेन. गेटवर गाठला.

"भाऊ, एक काम कर. बिरजूले सांग की तो बॉल निसटला होता."
"काऊन सांगू? चांगलं नाव होऊन राह्यलं तुहं."
"तठी मले बिकाऊ म्हणतात."
"पॅकिंगवाले कोण लागतात बे तुह्ये?"
"तूच पाठवलं ना मले त्यायच्याकडे!"

त्यानं शिट्टी तोंडात घातली, काढली. मंग हळूच म्हणते, "मुन्नाले काढलं ना, ते लय हुशारी केली तुनं. कोणाले शक नाही आला."

तो खोटं बोलून नाही राह्यला. त्याले खरंच तसं वाटते. मले मुन्नाच्या बदल्यात देऊन टाकलं, पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही, अन् तरी त्याले पक्कं माहीत की मंग्या हरून देईन. एवढा भरवसा. कागदाचा राग कमी होता, याचा जास्त आहे.

वापस घ्यायचं विचारलं. म्हणे, "अदलाबदल आता पुढच्या सालीच. नियम आहे. मी काय करू?"

२० फेब्रुवारी

मायचा फोन. आवाजावरूनच खुश. "संतोषनं आत्याले सगळं सांगितलं बाप्पा. भावासाठी मॅच सोडली म्हणे तुनं. आत्या रडत होती. आपल्या घरी येऊन साखर देऊन गेली."
"माय, मी नाही सोडली. मी हरलो."
"हाव हाव. तसंच म्हणा लागते."
"माय, खरं सांगून राह्यलो. मले जिंकायचं होतं. त्याले हरवायचं होतं मले."
"काही बोलते! जेवला काय?"

आता सोनाळ्यात पारावर हेच चालू असेन. मी चांगला आहे म्हणून. कोणाकोणाले फोन करून सांगू की मी तसा नाही?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मोबाइल वाजला. संतोषकडून पैसे. २००१. खाली हात जोडल्याचं चित्र.

दोनच हजार असते तं तोंडावर फेकायले सोपं होतं. म्हटलं असतं, विकत घेते काय. पण वरचा तो एक रुपया. आपल्याकडे लग्नात, बारशात लावतात तसा. त्यानं भाव नाही दिला मले, आहेर केला.

त्याले फोन लावला. "हे कायचे?"
"अबे ठेव. पहिली उचल आहे मुकादमीची. बूट घे बॉलिंगचे."
"भाऊ, मी खरंच यॉर्कर टाकत होतो."
मागं ट्रकचा आवाज. मले वाटलं ऐकलं त्यानं.
"मंग्या," म्हणे, "उद्या सेमी आहे. ये पाहाले." अन् ठेवला.

ऐकलं की नाही, समजलं नाही. ऐकून मानलं नाही, का मानायचं नाही.

बिरजूनं आता विचारलं, पुढच्या साली राहणार का गावी जाणार. शेठनं विचारायले सांगितलं म्हणे. मी म्हटलं पाहतो. तो म्हणे, "रहना है तो बोल, जर्सी छोटी करवाता हूँ." हसला नाही. पण म्हटलं.

उद्या मैदानात जायचं की नाही, ठरलं नाही. गेलो तं कोणत्या बाजूले उभा राहू?

मोबाइल समोर आहे. संतोषचं नाव काढलं. खाली काही लिहायचं होतं, दोनदा लिहिलं, खोडलं. नुसते पैसेच वापस पाठवून राह्यलो. २०००.