त्यांचा निळा शर्ट

४ नोव्हेंबर

आजही हे ओट्यावरच झोपणार! म्हटलं, "थंडी पडली, आत काऊन येत नाही?" तर म्हणे, "मले बाहेरच बरं वाटते." नजर जमिनीवर. मी काय भूत आहे?

रुपाली गेली तेव्हापासून हे असंच. सोयाबीन काढताना आमच्याच मळणीयंत्रात ओढली गेली ती, आमच्याच वावरात. शेजारीण होती, त्याहून जास्त मैत्रीण. तिचा नवरा गणेश लेकीला, छकुलीला, घेऊन गाव सोडून गेला — पोर एवढीशी — कुठे ते कुणालाच सांगितलं नाही. रुपालीसाठी मी रडले, अजून रडते. पण मी नवऱ्याकडे पाठ नाही फिरवली! दुःख काय एकट्या यांचंच आहे?

७ नोव्हेंबर

चहा देताना बोटाला बोट लागलं. हे दचकले, कप फुटला. काचा मीच वेचल्या.

१० नोव्हेंबर

जीपवाला गोकुळ बोलून गेला — "वयनी, दुसरबीडले कोण हाय तुमचं? दादा दर बाजाराले तिथं उतरते."

कुणी नाही आमचं दुसरबीडला! मला सांगून जातात चिखलीला. म्हणे मशीन विकायची आहे, गिऱ्हाईक पाहतो. मग हातांना खोबरेल तेलाचा वास कशाचा येतो? माझ्या केसांना तर तो हात कधीचा लागलेला नाही.

तोंडाने मी यांचं नाव घेत नाही, इथे लिहून पाहते — भागवतने दुसरी केली. मरण परवडलं, पण हे नको.

१४ नोव्हेंबर

गेले आज यांच्या मागोमाग, दुसऱ्या जीपने. पदर तोंडावर ओढून, चोरासारखी. रस्त्यालगत पत्र्याचं घर. दारात हे बसलेले आणि पुढ्यात छकुली! तेल लावून तिची वेणी घालत होते — तीही वाकडी. गणेश पलीकडे खाटेवर, यांच्याकडे पाठ करून.

इतकं हायसं वाटलं की माझीच मला लाज वाटली. मला पाहून हे रस्त्यावर आले आणि तिथेच, उभ्याउभ्या, सगळं बोलले — गणेशचा पत्ता कसा शोधला इथपासून.

त्या दिवशी रुपालीचा शर्ट फाटला होता. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवल्याशिवाय आमच्याकडे बाया मळणीला उभ्या राहत नाहीत. मी माझ्या अंगावरचा, यांचा निळा शर्ट काढून तिला दिला आणि डबे आणायला घरी गेले. सगळीकडे धुराळा, तिच्या तोंडाला रुमाल बांधलेला. यांना नुसता निळा शर्ट दिसला.

"मले वाटलं तूच गेली. मंग रुमाल काढला, तर रुपाली! अन माह्या तोंडातून काय निघालं, माईत हाय? देव पावला. गणेश बाजूलेच उभा होता, सुचिता! आता तुले पाह्यलं का मले तसाच आनंद होते. तो सहन होत नाही मले."

मी जिवंत आहे, आणि माझा नवरा त्याची शिक्षा भोगतोय.

१५ नोव्हेंबर

डोळे सुजलेत रडून. सकाळी धीर करून म्हटलं, "मी वाचले त्याचा आनंद नाही करायचा, तं कशाचा करायचा?" जेवताना यांनी दुसरी भाकर मागितली.

१९ नोव्हेंबर

गणेश आला होता, शेजारच्या बंद घरातून छकुलीचे गरम कपडे न्यायला. हे वावरात. गठुडं बांधून माझ्या दारात आला. म्हणाला, "वयनी, भागवतले सांगा, माह्या मनात त्याच्याबद्दल काही नाही." मग उंबऱ्यातच बसला.

"मशीन ट्रॅक्टरवर चालत होती, अन ट्रॅक्टरपाशी मीच होतो. बंद करणं माह्या हातात होतं. पण निळा शर्ट दिसला... मले वाटलं तुम्हीच. म्हून मी भागवत काय करते ते पाहत उभा राह्यलो."

हे आत्ताच आलेत. मला हाक मारताहेत — नावाने, कितीतरी दिवसांनी! यांना हे कधीच सांगता येणार नाही.