डेल्रॉयची चावी

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
१२ जानेवारी २०२५

प्रिय डेल्रॉय,

तुझा मेसेज मिळाला. आम्ही इथे मजेत आहोत. तिकडे थंडी फार पडलीय म्हणे, कानटोपी घालत जा. तुझे कान लहानपणापासून नाजूक.

लॅपटॉप चोरीला गेल्याचं वाचलं, त्यातली तुझी चावीही गेली. नेव्हिल म्हणाला, "तुझ्या भावाची वाट लागली." माझा नवरा असला तरी जिभेला हाड नाही त्याच्या. चावी व्हॉट्सअ‍ॅपवर कधी पाठवायची नाही ही तुझीच ताकीद, म्हणून हे पत्र कुरियरने. पाकीट चाचपून झालं असेल. पेनड्राइव्ह त्यात नाही. सांगते.

गावठाणात बाकी ठीक. क्रुसासमोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय. मम्मीच्या हातच्या बाटली मसाल्याची शेवटची बाटली नाताळात उघडली. शेजारची किम्बर्ली नुसत्या वासानेच रडायला लागली.

परदेशी निघण्याआधी तू मला कॉम्प्युटरसमोर बसवलं होतंस. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चावी तपासायची कमांड. "जीपीजी, स्पेस, दोन डॅश. दोन गं, एक नाही!" केवढा ओरडलास. तुझी सीक्रेट की, म्हणजे ती चावी, एका पेनड्राइव्हवर, तीच छापून कागदावर, दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत, कोरड्या जागी. तपासला नाही तर तो बॅकअप नव्हेच, असं म्हणायचास. दर नाताळात घराची साफसफाई झाली की मी पेनड्राइव्ह लावायची, कमांड मारायची, पडद्यावर तुझं नाव उमटलं की परत ठेवायची. या नाताळात तपासायला काही नव्हतं.

मम्मीला तू म्हणालास, फोनवर बोलायला वेळ नसतो, तू रेकॉर्ड करून ठेव, मी निवांत ऐकतो. तिचं बोलणं इथेच कुलूपबंद होऊन तुझ्या मेलवर जायचं. ते कुलूप उघडणार फक्त तुझ्या चावीने आणि तुझ्या डोक्यातल्या पासवर्डने. दर रविवारी मिस्साहून आली की कपडेही न बदलता ती माईकपुढे बसायची. सुरुवात ठरलेली, "डेल्रॉय, कवा येशील रे पोरा?"

मी स्वयंपाकघरात असायची. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं. पपा गेले त्या रात्री तू कुठे होतास ते तिला माहीत होतं. त्याबद्दल एका रविवारी ती तुझ्याशी बोलली, शांतपणे. तिचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. तुला सांगणार नाही.

ती गेली तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही, ठीक. पेटी हॉलमध्ये होती, बायका रोझरी म्हणत होत्या, आणि तुझा मेसेज आला. "घर आवरताना माझी की कुणी फेकू नका. दोन्ही कॉपी सेफ आहेत का बघून लगेच सांग." मम्मीबद्दल एक शब्द नाही रे. मी उठले, दोन्ही कपाटं उघडली, "सेफ आहेत" असं तुला कळवलं.

पेटीचं झाकण लावायच्या आधी तुझ्या कीच्या कागदाची घडी तिच्या उशीखाली सरकवली आणि पेनड्राइव्ह तिच्या मुठीत, रोझरीच्या मण्यांखाली. लोकांना वाटलं, देवमातेचं मेडल असेल.

तेव्हा मला वाटत होतं, तू सगळं ऐकलेलं आहेस. फार तर पुन्हा ऐकता येणार नाही. नंतर थोडं वाईटही वाटायचं. मग परवा तू लिहिलंस, "मम्मीची एकही फाइल ऐकली नव्हती, आता ऐकायच्यात, माझी की पाठव." ते वाचलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

आपल्या सिमेट्रीत कबर कायमची नसते, विसरला नसशील. काही वर्षांनी पुन्हा उघडतात. घरच्या माणसाने उभं राहून हाडं वेचायची, मग ती भिंतीतल्या कोनाड्यात जातात. चर्चच्या पॅरिश ऑफिसात मी माझं नाव खोडून तुझं नाव आणि नंबर दिलाय. फोन येईल तेव्हा ये. माती नीट चाळून बघ. मुठीत जे सापडेल ते पुसून लाव, कमांड मार. दोन डॅश, लक्षात ठेव. नाव उमटलं नाही तर तो बॅकअप नव्हेच.

कानटोपी विसरू नकोस.

जिने सगळं ऐकलं ती,
निकोल